दर मंगळवारी, पण चतुर्थी असेल तरच

रात्री दीड वाजता मुलुंड पूर्वेच्या एखाद्या सोसायटीत एकाच खिडकीत दिवा दिसला, तर दोन शक्यता असतात. एक, घरात दहावीचा विद्यार्थी आहे. दोन, घरात ‘प्रॉडक्शन सपोर्ट’ आहे. पहिल्या घरात दुधाचा पेला घेऊन आईही जागी असते. दुसऱ्या घरात बाकी सगळे गाढ झोपलेले असतात, कारण त्यांना सवय झालेली असते.

या दुसऱ्या घरातल्या माणसाची नोकरी मोठी गमतीची. माणसाचा हात न लागता कामं आपोआप व्हावीत म्हणून कंपनीने लाखो रुपये खर्चून एक व्यवस्था उभारलेली असते. ती आपोआप चालतेय ना, हे बघायला याला जागा ठेवलेला असतो. रात्री बारा वाजता कुठल्याशा बँकेचे दिवसभराचे हिशेब आपोआप जुळतात. एक वाजता त्यांचे अहवाल आपोआप तयार होतात. दोन वाजता ते आपोआप मेलने जातात. आणि सव्वादोन वाजता, यातलं काहीच झालेलं नाही, असा फोन आपोआप येतो.

अंधेरीचं सीप्झ, मालाडचं माइंडस्पेस, गोरेगावचं नेस्को, पवईच्या काचेच्या इमारती, हा सगळा पट्टा अशा ‘आपोआप’वर पोट भरतो. जगातल्या कुठल्याही बँकेतलं, विम्यातलं, विमानतिकिटातलं काम रात्रीत आपसूक पार पडलं असं कुणी म्हणालं, की समजावं, घाटकोपरला मेट्रो पकडून गेलेल्या एखाद्या माणसाचं रात्रीचं जेवण गार झालेलं आहे.

या सगळ्याच्या मुळाशी क्रॉन नावाचा एक साधासा प्रोग्रॅम आहे. १९७९ साली बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली, तिच्यात तो होता. पुढे १९८७ साली पॉल व्हिक्सी यांनी तो नव्याने लिहिला आणि आज बऱ्याच लिनक्स मशीनवर त्याच घराण्यातली मंडळी नांदतात. क्रॉनचं काम एवढंच: दर मिनिटाला जागं व्हायचं, यादी बघायची, या मिनिटाला काही लिहिलेलं असेल तर ते सुरू करून द्यायचं, पुन्हा झोपायचं. सुरू केलेलं काम पुरं झालं का, बरोबर झालं का, याची चौकशी त्याच्या अखत्यारीत येत नाही. हा गुण माणसात असता तर तो फार वरच्या पदावरून निवृत्त झाला असता.

यादीतल्या प्रत्येक ओळीला पाच घरं असतात. मिनिट, तास, तारीख, महिना, वार. आकडा लिहिला तर तेव्हाच, चांदणी टाकली तर वाट्टेल तेव्हा. पाचही घरांत चांदण्या टाकल्या की काम दर मिनिटाला होतं. नव्या पोरांना पाच चांदण्या फार आवडतात, हॉटेलांवरून सवय असते. मग ग्राहकाला थकबाकीचं स्मरणपत्र दर मिनिटाला जातं. साठ पत्रांनंतर त्याने थकबाकी भरलेली असते, तरीही एकसष्टावं पत्र जातं.

ही यादी दुरुस्त करायची तर ‘क्रॉनटॅब’ लिहून पुढे ‘ई’ हे इंग्रजी अक्षर द्यायचं. ‘आर’ दिलं तर सगळी यादी पुसली जाते, आणि बहुतेक मशीनवर ‘नक्की ना?’ एवढंसुद्धा न विचारता पुसली जाते. आता कीबोर्डकडे बघा. ई आणि आर शेजारी-शेजारी. शेजारी म्हणजे अगदी एका भिंतीचे. साधा फोटो पुसायला मोबाइल दोनदा विचारतो, मुलुंड चेक नाक्यावर पाव किलो फरसाण मागितलं तर दुकानदार ‘बस ना?’ म्हणून खात्री करून घेतो. आणि इथे दहा वर्षांचं वेळापत्रक एका बोटाच्या घसरण्यावर टांगलेलं.

तारखांचं प्रकरणही सोपं वाटतं, तितकं नाही. ‘दर महिन्याच्या ३१ तारखेला पगारपत्रक काढ’ असं लिहिलंत, तर क्रॉन ते वर्षातून सात वेळा काढतो. उरलेल्या पाच महिन्यांत ३१ तारीखच येत नाही, मग तो गप्प बसतो. ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ ही गोष्ट मुळात त्याला सांगताच येत नाही. म्हणून २८ ते ३१ असं रोज त्याला उठवायचं आणि प्रोग्रॅमने आधी स्वतःला विचारायचं, ‘उद्या एक तारीख आहे का?’ नसेल तर परत झोपायचं. महिनाअखेरीला हा प्रश्न पगारदार माणूस वीस तारखेपासूनच रोज विचारत असतो, त्यामुळे ही युक्ती सुचणारा पगारदारच असणार.

पण खरी करमणूक वेळेची. सर्व्हरवरची घड्याळं बहुधा यूटीसीवर, म्हणजे साधारण ग्रिनिचच्या वेळेवर लावलेली असतात. आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे सर्व्हरचा मध्यरात्रीचा ठोका पडतो तेव्हा मुलुंडमध्ये पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, दूधवाला आलेला असतो आणि सकाळी फिरायला जाणारे काका लिफ्टच्या दाराशी बुटांच्या नाड्या बांधत असतात. ‘रात्रीचं काम रात्री उरकून टाकू’ असं म्हणून लावलेला जॉब नेमका तेव्हा सुरू होतो. शिवाय ते अर्ध्या तासाचं शेपूट. तिकडे तासाच्या ठोक्याला होणारं प्रत्येक काम इकडे ‘साडे’ला होतं, आणि साताच्या बैठकीचा अहवाल साडेसातला येतो.

त्यातल्या त्यात नशीब एवढंच, की मुंबईची जुनी वेळ आता राहिली नाही. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, पण मुंबईने आपली ‘बॉम्बे टाइम’ सोडली नाही. ती ग्रिनिचच्या पुढे चार तास एक्कावन्न मिनिटं, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. ‘परकी वेळ आम्ही का पाळायची?’ यावरून सभा झाल्या, वाद झाले, आणि स्वातंत्र्य मिळालं तेव्हाही ती वेळ शहरातून पुरती गेलेली नव्हती. ती आजवर टिकली असती तर बोरिवलीतल्या प्रोग्रॅमरला प्रत्येक गणितात एक्कावन्न मिनिटं मिळवावी लागली असती. ३९ मिनिटं उशिरा पोहोचूनही वेळेवर आलो म्हणता आलं असतं, हा फायदा मी नाकारत नाही.

अमेरिकेचं तर विचारूच नका. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनचे एकदम तीन वाजतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दोनचे पुन्हा एक. मार्चमध्ये अडीच वाजता लावलेल्या कामाला त्या दिवशी अडीच वाजतच नाहीत. नोव्हेंबरमध्ये दीड दोनदा वाजतो. क्रॉनच्या काही जाती हे सांभाळून घेतात, काही काम गाळतात, काही दोनदा करतात. दोनदा केलेलं काम पगाराचं असेल तर कर्मचारी ती चूक सोमवारपर्यंत कुणाच्या लक्षात आणून देत नाहीत. इकडे मात्र न्यूयॉर्कच्या सकाळी नऊची बैठक साडेसहाची साडेसात होते आणि तिथल्या घड्याळाचा काटा हलला म्हणून मुलुंडमध्ये कुकरची शिट्टी तासभर उशिरा वाजायला लागते.

माझ्या आईला हे सगळं एकदा समजावून सांगत होतो. ती भाजी निवडत होती. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे अंगारकी कशी सांगतोस तू त्याला?”

मी म्हटलं, सोपं आहे. तारखेच्या घरात चार म्हणजे चतुर्थी धरू, वाराच्या घरात दोन म्हणजे मंगळवार. आणि मग आठवलं की इथे क्रॉनची एक जगप्रसिद्ध खोड आड येते. तारीख आणि वार अशी दोन्ही घरं भरली, तर तो ‘दोन्ही असेल तेव्हा’ असं समजत नाही; ‘दोन्हीपैकी काहीही असेल तेव्हा’ असं समजतो. म्हणजे दर चतुर्थीला उपास आणि वर दर मंगळवारी उपास.

“वर्षातून एक-दोनदा येणारी अंगारकी तुझं मशीन आठवड्यातून एकदा करणार?” आई म्हणाली. “मग प्रभादेवीच्या गणपतीची रांग दहिसरपर्यंत येईल.” आणि पुढची जुडी घेतली.

तेव्हापासून मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयकडे वेगळ्या नजरेने बघतो. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ साली सुरू केलं. अंधेरीचं सीप्झही १९७३ चंच. गेली पन्नासहून अधिक वर्षं दोन्हीकडे एकच धंदा चालू आहे: पुन्हा पुन्हा येणारी कामं ठरल्या वेळी लक्षात आणून देणं. फरक असा, की सीप्झच्या माणसांना अडलं तर रात्री फोन करावा लागतो, आणि कालनिर्णयमध्ये अडलेल्याचं उत्तर मागच्या पानावर छापलेलं असतं.

कारण आमच्या घरातल्या वेळापत्रकात तारखा आपल्या जागी उभ्याच राहत नाहीत. तिथी सूर्योदयावर ठरते. एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्याच्या आधी संपते, तिचा क्षय. म्हणजे मार्चमधला तो गहाळ झालेला अडीच. एखादी दोन सूर्योदयांना हजर असते, तिची वृद्धी. म्हणजे नोव्हेंबरमधला दोनदा वाजणारा दीड. एकादशी स्मार्तांची आज आणि भागवतांची उद्या, हे दोन वेगवेगळ्या ग्राहकांसाठी दोन वेगवेगळी वेळापत्रकं चालवणं झालं, आणि तेही एकाच चौकटीत, भांडण न होता. अमेरिकेत वर्षातून दोनदा जी धावपळ होते ती आमच्याकडे दर पंधरवड्याला होत असते आणि त्यासाठी कुणी पहाटेचा कॉल लावत नाही. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० च्या सुमाराला ‘धर्मसिंधु’ लिहिला. तो ग्रंथ बराचसा याच प्रश्नांचा आहे: तिथी दोन दिवसांत विभागली तर कर्म कोणत्या दिवशी, मध्यान्हाला असली तर काय, नसली तर काय, दोन्हीकडे अर्धी-अर्धी असली तर काय. आमच्या ऑफिसात कुठल्याही व्यवस्थेचं इतकं तपशीलवार माहितीपत्रक मी पाहिलेलं नाही. विचारलं तर सांगतात, ‘कोड हेच माहितीपत्रक.’

संकष्टीचंच बघा. उपास सुटतो चंद्रोदयाला. म्हणजे घड्याळाच्या वेळेवर नाही, प्रत्यक्ष घटनेवर. आता मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये चंद्र बघायचा म्हणजे विमानातूनच. त्यावरही तोडगा आहे. बाल्कनीतून एकदा आभाळाकडे बघायचं, कालनिर्णयमधली मुंबईची चंद्रोदयाची वेळ बघायची, ती टळली की ताट वाढायचं. समोरून उत्तर आलं नाही तर किती वेळ थांबायचं आणि मग काय गृहीत धरायचं, यावर आमच्याकडे तीन-तीन तासांच्या बैठका होतात. आईचा हा निर्णय होईतो मोदकाची वाफसुद्धा जात नाही.

अधिक महिना ही तर वेगळीच परीक्षा. २०२३ मध्ये श्रावण दोन आले. कुठला पाळायचा यावर बिल्डिंगमध्ये चर्चा झाली; अधिक वगळून निज श्रावण, असा निर्णय लागला. पण गटारीचं काय? आषाढ संपतो ती अमावास्या, की अधिक श्रावण संपतो ती? शास्त्रार्थात वेळ न घालवता अनेकांनी दोन्ही साजऱ्या केल्या. एकच जॉब दोनदा चालला म्हणून तक्रार न करणारा हा माझ्या माहितीतला एकमेव ग्राहकवर्ग.

पण माझी टोपी उतरते ती राहून गेलेल्या कामांच्या बाबतीत. काम कधी करायचं हे सांगणं सोपं. वेळ हुकली तर काय करायचं, हे सांगण्यात वेळापत्रक लिहिणाऱ्याची अक्कल दिसते. क्रॉनचं धोरण सरळ आहे: त्या वेळी मशीन बंद होतं? गेलं ते गेलं. एअरफ्लो नावाचं नव्या पिढीचं साधन २०१४ साली एअरबीएनबीत जन्मलं. त्याने दुसरं टोक गाठलं. त्याला एखादं काम ‘दोन वर्षांपूर्वीपासून रोज’ असं चुकून सांगितलंत, तर चालू करताक्षणी तो मागच्या दोन वर्षांची हुकलेली सगळी कामं एका दमात भरून काढायला लागायचा. सातशे तीस अहवाल, सातशे तीस मेल. एप्रिल २०२५ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही सवय मुळातच बंद ठेवलेली असते. म्हणजे शहाणपण यायला दहाएक वर्षं गेली.

आमच्याकडे बघा. श्राद्धाची तिथी हुकली, किंवा माहीतच नाही? सर्वपित्री अमावास्या. वर्षभराची थकबाकी, एक दिवस, एकदाच स्वयंपाक. संकष्ट्या हुकल्या? एक अंगारकी केली की वर्षभराच्या संकष्ट्यांचं पुण्य, असं म्हणतात. घरात सुतक आलं? सगळे नित्यनेम दहा दिवस स्थगित, आणि त्याबद्दल कुणाला लाल अक्षरांत मेल जात नाही. तेवढ्यात देवाला दिवा? शेजारच्या वहिनी येऊन लावून जातात. ऑफिसात याला पर्यायी केंद्र म्हणतात, ते दुसऱ्या शहरात असतं, आणि गरज पडते तेव्हा त्याचीही चावी सापडत नसते.

स्थगितीवरून रेल्वे आठवणं भाग आहे. उपनगरात राहणाऱ्याला नियतकालिक काम म्हणजे काय ते रविवारचा मेगाब्लॉक शिकवतो. पश्चिमेला त्याला जम्बो म्हणतात, तिकडे सगळंच जरा मोठं. मध्य रेल्वेची ती सूचना आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असते: माटुंगा ते मुलुंडदरम्यान जलद मार्गावरील गाड्या धीम्या मार्गावर वळवण्यात येतील आणि पंधरा मिनिटे उशिराने धावतील. मला या मजकुराबद्दल आदर आहे. आमच्या कंपनीतल्या दुरुस्तीच्या सूचनेत ‘काही सेवा काही काळ काही प्रमाणात’ असं लिहिलेलं असतं. रेल्वे सांगते कुठून कुठे, किती ते किती, आणि किती उशीर. ज्यांच्याकडे रविवारी ठाण्याला साखरपुडा असतो ते शनिवारीच पेपरात ब्लॉक बघतात आणि मुहूर्त त्याच्यानुसार धरतात. गुरुजींचीही हरकत नसते, तेही लोकलनेच येतात.

गर्दीची वेळ टाळून काम करायचं हे तत्त्व आता पैशांनाही लागू झालंय. हप्ते, वर्गण्या, एसआयपी, सगळं आपोआप कापलं जातं. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरच्या अशा वसुलीआधी चोवीस तास सूचना द्यावी लागते, आणि ऑगस्ट २०२५ पासून यूपीआयवरची आपोआप वसुली सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेनऊ या गर्दीत करायची नाही असं ठरलं. म्हणजे माझ्या खात्यातले पैसेसुद्धा आता लोकलच्या गर्दीत प्रवास करत नाहीत. मीच काय तो करतो.

तर हे सगळं ज्ञान पदरी असताना आमच्या अंधेरीच्या ऑफिसात एका हुशार नव्या मुलाने संकष्टी आपोआप करायचं मनावर घेतलं. कँटीनमध्ये संकष्टीला साबुदाण्याची खिचडी असते. ती आज आहे हे लोकांना कळत नाही आणि संपल्यावर हळहळतात, अशी तक्रार होती. मुलाने जॉब लावला: महिन्यातून एकदा सकाळी नऊला दोन मेल जाणार, एक कँटीनला ‘आज खिचडी करा’, एक सगळ्यांना ‘आज खिचडी आहे’. एका संकष्टीपासून मोजायला सुरुवात केली आणि दर तीस दिवसांनी असं सांगितलं.

चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. पहिल्या महिन्यात मेल बरोबर आला आणि मुलाचं कौतुक झालं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो एक दिवस उशिरा आला. सहा महिन्यांत संकष्टी सप्तमीच्या आसपास पोचली. लोक सकाळी मेल वाचून उपास धरायचे, दुपारी खाली जायचे आणि काउंटरवर छोले-भटुरे दिसायचे. उपाशी इंजिनिअरइतका कडक तक्रारअर्ज कुणी लिहीत नाही. कँटीनला दोन ताकिदी गेल्या. कँटीनवाले काका फक्त म्हणायचे, “संकष्टी सोमवारी झाली साहेब, खिचडी तेव्हाच होती.” पण सिस्टीममध्ये गुरुवार होता, आणि सिस्टीमसमोर कँटीनवाल्याचं कोण ऐकतो.

शेवटी कुणाच्या तरी घरातून कालनिर्णय आलं. मुलाने पुढच्या सगळ्या संकष्ट्यांच्या तारखा एका तक्त्यात हाताने टाकल्या, डिसेंबरपर्यंत. दर जानेवारीत नव्या तारखा भरायच्या, याची आठवण करणारा आणखी एक जॉब लावला. नोव्हेंबरात मुलाला बंगळुरूची नोकरी मिळाली. कंपनीने नियमाप्रमाणे त्याचं खातं बंद केलं आणि त्याच्या नावावर चालणारा आठवणीचा जॉबही त्याच्याबरोबर थांबला. कुणाला पत्ता नाही.

जानेवारीतल्या संकष्टीला मेल आला नाही. मी मात्र आईने सांगितल्यामुळे खाली गेलो. काउंटरवर वाफाळती खिचडी, शेंगदाण्याचं कूट, दह्याची वाटी, सगळं जागच्या जागी. मी काकांना विचारलं, “आज मेल आला नाही, तरी केलीत?”

“कसला मेल?”

“सिस्टीमचा. दर महिन्याला येतो ना तुम्हाला, आज खिचडी करा म्हणून.”

काकांनी डाव थांबवला, थोडा विचार केला. “तो कॉम्प्युटर होय? तो दोन वर्षं झाली बंद आहे, त्याच्यावर बरण्या ठेवल्यात,” ते म्हणाले. “आमच्या घरून फोन येतो सकाळी. तिखट चालेल ना? आणि कूपन आधी द्या, मागे रांग आहे.”